बसबरोबर जाणारे मोहिते

मोहिते भाऊजी बसने जात नाहीत, बसबरोबर जातात.

म्हणजे असं की, बस तिच्या पट्टीतून चाललेली असते आणि भाऊजी शेजारच्या सायकलमार्गावरून तिच्या बरोबरीने पायडल मारत असतात. डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीत त्यांची बायको शालन बसलेली असते आणि भाऊजी तिच्याशी बोलत असतात. मोठ्याने बोलावं लागतं, कारण बसचं इंजिन त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलतं. त्यामुळे मोहित्यांच्या घरात काल काय झालं आणि आज काय व्हायचंय, हे सकाळच्या आठ पंचवीसच्या बसमधल्या चाळीस माणसांना ठाऊक असतं. त्या चाळिसांत मी आहे. मी त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली राहते. पण खरं सांगायचं तर मला त्यांची जी माहिती आहे, ती शेजारामुळे नाही, बसमुळे आहे.

सिल्व्हर पार्कपासून भाईंदर स्टेशनकडे जाणारा रस्ता रुंद केला, तेव्हा बसला स्वतःची पट्टी मिळाली. दोन्ही अंगांना गुडघ्याएवढे सिमेंटचे कठडे. बस एकदा आत शिरली की रुळावर ठेवल्यासारखी सरळ जाते. डाव्या कठड्याला लागून लाल रंगाचा सायकलमार्ग आहे. फलकावर सायकल आणि माणूस अशी दोन चित्रं आहेत, म्हणजे दोघांनी मिळून वापरायचा. प्रत्यक्षात तिथे सकाळी फिरायला येणारे आजोबा असतात, त्यांचे कुत्रे असतात, एक शहाळेवाला असतो, आणि उन्हाळ्यात कोणाचे तरी साबुदाण्याचे पापड प्लास्टिकवर वाळत असतात. सायकली मोजून चार. त्यातली एक भाऊजींची.

तिची घंटी बाजारातली नाही. एक स्टीलची वाटी उपडी बसवलीय आणि दांडी ओढली की तिच्यावर छोटा ठोका पडतो. भाऊजी भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात चेकर आहेत. पॉलिश होऊन आलेलं प्रत्येक भांडं दिव्याखाली तिरकं धरायचं, ओरखडा, पोचा, बाक आहे का बघायचं, आणि पास किंवा रिजेक्ट म्हणून बाजूला ठेवायचं, हे त्यांचं काम. ही वाटी काठाला बाक होता म्हणून त्यांनीच रिजेक्ट केली आणि घरी आणली.

"पण आवाज बघा, वहिनी. शाळा सुटेल," असं ते मला म्हणाले. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते, म्हणून माझ्यासाठी खास ही उपमा.

घंटीचे नियम आहेत. पुढे माणूस असेल तर एक ठोका, कुत्रा असेल तर दोन. वाटेत हसण्याचा व्यायाम करणारं मंडळ उभं असेल तर तीन, कारण हसताना त्यांना पहिले दोन ऐकू येत नाहीत.

हा माणूस पंचवीस वर्षं भांडी तपासतोय, त्याचा परिणाम व्हायचा तो झालेला आहे. जगात त्यांच्या लेखी तीनच गोष्टी असतात. पास, रिजेक्ट, आणि ज्याचं अजून काही होऊ शकेल ते 'बफिंगला परत', म्हणजे पुन्हा पॉलिशला. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले आणि रिकामा ट्रे ट्यूबलाइटखाली तिरका धरला.

"कुठून घेतला?"

"लग्नात आला होता."

"बरोबर. लग्नात रिजेक्टच येतो." मग एक घोट घेऊन म्हणाले, "चहा पास."

त्यांच्या मुलीला, पूजाला, बघायला बदलापूरहून मुलगा आला होता. दुसऱ्या दिवशी बसच्या बाहेरून निकाल आला. "मुलगा चांगलाय, शालन. फक्त बोलताना समोरच्याकडं बघत नाय. बफिंगला परत!" यावर बसमध्ये दोन तट पडले. मुलगा लाजाळू असेल, असं एका बाजूचं म्हणणं. आजच बघत नाही तर पुढे काय बघणार, असं दुसरीचं. शेवटी शालनच्या मागच्या सीटवरच्या जिग्नाबेन म्हणाल्या, "अरे भाई, आप खुद किधर देखते हो बात करते टाइम?" आणि ते खरंच होतं. भाऊजी बोलताना कधीच खिडकीकडे बघत नाहीत. नजर सरळ मार्गावर. एकदा शालन मागच्या सीटवर आणि जिग्नाबेन तिच्या जागी बसल्या होत्या, तर भाऊजींनी दोन स्टॉप त्यांनाच डाळीत मीठ विसरल्याबद्दल ऐकवलं होतं. बेननी 'सॉरी भाई, कल से ध्यान रखेगी' म्हणून विषय मिटवला.

तर मुलगा पास झाला, लग्न झालं. आम्ही बसच्या बायका लग्नाला गेलो. आहेर म्हणून सगळ्यांनी मिळून चादरींचा सेट दिला. भांडं द्यायची कोणाची छाती झाली नाही.

पण या बोलण्यातली खरी गंमत वेगळीच. दोन स्टॉपांच्या मधे बस वेग घेते आणि भाऊजी मागे पडतात. पुढच्या स्टॉपवर माणसं चढेपर्यंत ते येऊन गाठतात. म्हणजे त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि तुकडा कुठे तुटेल याचा नेम नाही.

"गावावरून आईचा फोन होता," एके सकाळी ते म्हणाले. "बोलली, या टायमाला याल तेव्हा माझ्यासाठी—"

आणि बस सुटली.

पुढच्या स्टॉपपर्यंत सगळ्या बसला दुसरं काही सुचलं नाही. आईला काय हवं असेल? मागचे एक गृहस्थ म्हणाले, डॉक्टरची वेळ घेऊन ठेवायला सांगितलं असणार. कोणी म्हणालं, घराचे कागद. जिग्नाबेन म्हणाल्या, सासू है, कुछ तो बडा मांगेगी. शालनचा चेहरा उतरला होता. स्टॉप आला. भाऊजी धापा टाकत खिडकीशी आले.

"—चार नंबरचं पातेलं आणा. झाकणासकट."

शालनने कपाळाला हात लावला आणि बस हसत सुटली.

आमच्या बसचे कंडक्टर दळवी यांनी या प्रकाराला शेवटी शिस्त लावली. भाऊजी खिडकीशी असले की ते दोरीला हात लावून थांबत आणि ओरडत, "मोहिते, पूर्णविराम द्या, बेल मारायचीय!" भाऊजी घाईघाईने वाक्य संपवत, मग डबल बेल. यात अर्ध्या मिनिटाचा उशीर होत असेल. कोणी तक्रार केल्याचं मला माहीत नाही.

मला स्वतःला सुरुवातीला हा सगळा प्रकार पोरकट वाटला. माझ्या नवऱ्याने असं केलं असतं, तर मी पहिल्याच स्टॉपला उतरून त्याला घरी धाडलं असतं. एकदा मी शालनला विचारलंच.

"अगं, घरी काय करता तुम्ही दोघं? तोंडं शिवून बसता?"

"घरी असतो कुठे, ताई?" ती म्हणाली. "ते संध्याकाळी सातला निघतात, मी साडेसातला पोचते. सकाळी आठला त्यांची पाळी सुटते, आठ पंचवीसला माझी बस."

शालन स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसते. तिची सुट्टी रविवारी, भाऊजींची शुक्रवारी. रविवारी ते कामावरून आले की डोळ्यांवर पट्टी बांधून, दार लावून झोपतात. ही बाहेर कुकरची शिटी काढून ठेवते आणि डाळ पातेल्यात शिजवते. शुक्रवारी रात्री भाऊजी घरी असतात, पण शालन दमून नऊलाच आडवी होते. आणि यांना सुट्टीच्या रात्रीही झोप येत नाही, म्हणून हे घरातली भांडी दिव्याखाली तपासत बसतात. नऊ वर्षं असं चाललंय.

"मग दिवसपाळी मागून घ्यायची," मी म्हटलं. मला सरळ उपाय आवडतात.

हे मी भाऊजींनाही जिन्यात गाठून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वहिनी, दिवसाच्या उजेडात ओरखडा दिसत नाय. चेकरची पाळी रात्रीचीच."

मग मी फोनचं सुचवलं. कानात ते घालायचं आणि बोलायचं, जग तसंच करतंय. शालन हसली. "फोनवर ते फक्त 'हं' म्हणतात, ताई. मी दहा मिनिटं बोलले तर दहा 'हं'. सायकलवर बसले की तोंड उघडतं."

म्हणजे आठ पंचवीसची बस आणि तिच्या शेजारचा तो लाल रस्ता एवढीच काय ती या दोघांची बोलायची जागा. कारखान्यातून सुटायचं, घराकडे सायकल हाणायची, दुसऱ्या स्टॉपजवळ बस दिसली की तोंड फिरवायचं आणि पुन्हा भाईंदरपर्यंत तिच्याबरोबर जायचं. तिथून परत घरी. रात्रभर उभं राहून काम केलेला माणूस एकाच रस्त्यावरून रोज सकाळी तीनदा जायचा. हे कळल्यावर मी त्याला पोरकट म्हणायचं सोडलं. वेडेपणा म्हणत राहिले, पण तेही मनात.

मग गेल्या वर्षी आमच्या मार्गावर नव्या गाड्या आल्या. गारेगार, आवाज न करणाऱ्या, सीटांना नवं कापड. पहिल्या दिवशी आम्ही बायका लग्नाला निघाल्यासारख्या चढलो. शालन तिसऱ्या सीटवर बसली, तिने सवयीने काच सरकवायला हात घातला, आणि तिच्या लक्षात आलं की सरकवायला काही नाहीच. एकच अखंड काच, वरपासून खालपर्यंत बंद.

दुसऱ्या स्टॉपला भाऊजी आले. नेहमीसारखी नजर समोर, आणि बोलायला सुरुवात. तोंड हलताना दिसत होतं. आत आम्हाला पंख्याच्या झुळझुळीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. ते दोन स्टॉप बोलले. उत्तर येत नाही म्हणून शेवटी त्यांनी मान वळवली, तेव्हा शालन काचेवर टकटक करून हाताने 'नाही, नाही' अशी खूण करत होती. भाऊजींना वाटलं, ती त्यांच्या बोलण्यालाच नाही म्हणतेय. ते आणखी जोरात बोलायला लागले.

"अरे, कोई खिडकी तो खोलो!" जिग्नाबेन म्हणाल्या.

"खुलती नहीं है, बेन," दळवी म्हणाले. त्यांच्याकडे आता ओढायला दोरीही नव्हती, एक बटण होतं. त्यावर बोट ठेवून ते उगाच थांबले होते.

पुढचे काही दिवस खुणांचे गेले. भाऊजी एक हात सोडून बोटांनी काहीतरी सांगायचे आणि अर्धी बस अर्थ लावायची. एकदा त्यांनी हवेत गोल काढला, मग दोन बोटं दाखवली, मग छातीला हात लावला. मागचे गृहस्थ म्हणाले, छातीत दुखतंय. शालन घाबरून उभी राहिली. संध्याकाळी घरी ओट्यावर झाकणं दिसली तेव्हा उलगडा झाला, की दोन डब्यांची झाकणं खिशात घालून आणलीत, एवढंच सांगायचं होतं.

मी पुन्हा फोनचं काढलं. भाऊजी म्हणाले, "फोनवर माणूस दिसत नाय, वहिनी."

"तुम्ही बघता कुठे तिच्याकडे? समोर बघून तर बोलता."

"दिसतं," ते म्हणाले. "कडेनं दिसतं."

मी फोनचा विषय तिथेच सोडला. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

आवाज पोचत नाही म्हटल्यावर ते बघायला लागले. आणि तिथेच घोटाळा झाला. एका मंगळवारी खिडकीकडे बघत, हाताने खूण करत चाललेले भाऊजी सरळ फलकाच्या खांबावर गेले, तोच तो सायकल आणि माणूस मिळून वापरा सांगणारा फलक. सायकल एकीकडे, ते दुसरीकडे. ड्रायव्हरने ब्रेक मारला. दळवींनी दार उघडलं आणि सगळ्यांच्या आधी शालन खाली उतरली. मागून मी, पाण्याची बाटली घेऊन.

गुडघा सोलवटला होता, कोपर फुटलं होतं, बाकी धड होते. मी जखम धुतली. शालन मात्र भडकली. नऊ वर्षं खिडकीतून 'हो', 'बरं', 'ठेवलंय फ्रिजमध्ये' एवढंच बोलणारी बाई त्या दिवशी कठड्याजवळ उभी राहून जे बोलली, ते भाऊजींनी आयुष्यात ऐकलं नसेल.

"वय काय आपलं? छप्पन्न! रात्रभर उभं राहायचं आणि सकाळी ही सर्कस करायची? डोकं आपटलं असतं म्हणजे? मी कोणाला सांगायला गेले असते? उद्यापासून सायकल बंद. सरळ घरी जायचं, जेवायचं आणि झोपायचं. ऐकू येतंय का?"

भाऊजी खाली बसले होते. सगळी बस काचेला नाक लावून बघत होती. ते गुडघ्याकडे पाहत म्हणाले, "मग बोलायचं कधी?"

शालन आडवी पडलेली सायकल उचलायला वळली.

मला असला खोळंबा सहन होत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, पाच मिनिटं डोकं चालवा. सायकल घरी ठेवा. तिकीट काढा. तिच्या शेजारी बसा. भाईंदरला उतरून दुसऱ्या बसने परत या. बोलायला सगळा रस्ता, आणि तुकडे नाहीत."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचाट सांगितलं होतं. नऊ वर्षांत हे त्यांना सुचलं कसं नाही, ते मला आजही कळलेलं नाही. बसबरोबर जाणाऱ्या माणसाला बसमध्ये चढता येतं, हे कोणीतरी सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कारखान्यातून थोडे लवकर सुटून घरी आले, सायकल जिन्याखाली लावली आणि आमच्याबरोबर बस स्टॉपवर उभे राहिले. गुडघ्याला पट्टी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. बस आली. दळवींनी त्यांना चढताना पाहून हात जोडले.

"या मोहिते. अखेर आमच्या गाडीला पाय लागले."

"गाडी पास," भाऊजी छताकडे बघत म्हणाले. "दांड्याचं पॉलिश रिजेक्ट."

शालन खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा कोणीही घेतली नव्हती. भाऊजी बसले. आणि सगळी बस कान देऊन बसली, लाजलज्जा सोडून. कोणी फोन बघत नव्हतं. आज पहिल्यांदा पूर्ण वाक्यं मिळणार होती.

भाऊजींनी घसा साफ केला. शालनकडे पाहिलं. मग पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहिलं.

"गार आहे," ते म्हणाले.

"हो," शालन म्हणाली. "डबा फ्रिजमध्ये ठेवलाय."

"बरं."

बस सुटली. आता पुढे काय, म्हणून आम्ही वाट बघतोय. पहिला स्टॉप गेला. दुसऱ्या स्टॉपवर जिग्नाबेन माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, "कुछ बोल क्यूं नहीं रहा है?" मी मागे वळून बघितलं.

भाऊजी झोपले होते. आधी मान पुढे लोंबत होती, मग बस वळणावर कलली तशी ती शालनच्या खांद्यावर आली आणि तिथेच राहिली. तोंड अर्धवट उघडं. रात्रभर जागलेल्या माणसाला गार हवेत मऊ सीटवर बसवल्यावर दुसरं काय होणार? हे मला आधी सुचायला हवं होतं. त्यांना जागं ठेवत होती ती सायकल.

मला वाटलं, झालं, माझा उपाय वाया गेला. शालन चिडेल. जवळ जाऊन मी हळूच म्हटलं, "उठव त्यांना. भाईंदर येईल आता."

तिने मान हलवून नको म्हटलं. तिचा डावा हात पर्सवर होता, उजवा खांदा अजिबात हलू नये म्हणून ती ताठ बसली होती.

"असे शेजारी झोपलेले कधी बघितले, ते आठवतच नाही, ताई," ती म्हणाली. "घोरतात, बघा. मला माहीतच नव्हतं."

दळवी पुढचे स्टॉप ओरडून सांगायचे सोडून प्रत्येकाजवळ जाऊन हळू आवाजात सांगायला लागले. एकाचा फोन वाजला, तर जिग्नाबेननी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो बंद करून खिशात घातला.

भाईंदर आलं. सगळे उतरले, पाय न वाजवता. शालन उठली नाही. दळवींनी तिच्याकडे पाहिलं आणि परतीची दोन तिकिटं फाडून मुकाट्याने तिच्या पर्सवर ठेवली.

"ताई," ती मला म्हणाली, "माझ्या लॅबमध्ये फोन करून सांगाल का? मला आत्ता हात काढता येत नाही."

मी स्टॉपवर उतरले. तिने सांगितलेल्या नंबरवर लॅबच्या मॅडमना फोन लावला. शालन मोहिते आज उशिरा येईल, म्हणून सांगितलं.

"का? काय झालं?"

"मिस्टरांजवळ बसायला लागलंय."

"अगंबाई. आजारी आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. मला खोटं सांगायची सवय नाही, आणि सांगायला दुसरं काही नव्हतंही. "झोपलेत."

समोर बस वळून परतीच्या पट्टीत शिरत होती. काचेआड शालन तशीच ताठ बसलेली दिसली.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "तिला म्हणावं, घाई नको करू. खिडकीवर मी बसते."